मिरवणूक आणि नागरिकत्व : फिलाडेल्फिया १७८८, न्यूयॉर्क १८२७
संविधानाच्या स्वीकृतीप्रीत्यर्थ ४ जुलै १७८८ रोजी फिलाडेल्फियात निघालेल्या मिरवणुकीत सुमारे ५,००० लोक व्यवसायवार चालले. आखणी फ्रान्सिस हॉपकिन्सनची. चाकांवर ‘युनियन’ नावाचे जहाज होते. लोहार गाडीवरच भाता पेटवून जुन्या तलवारींचे नांगराचे फाळ घडवीत होते, मुद्रक वाटेतच गीत छापून वाटीत होते. ख्रिस्ती धर्मगुरूंच्या हातात हात घालून ज्यू धर्मगुरूही चालले, याची नोंद बेंजामिन रश याने आवर्जून केली आहे. नव्या राष्ट्राने रस्त्यावर काढलेले हे स्वतःचेच चित्र होते. मात्र स्त्रियांचे स्थान त्यात जवळजवळ प्रेक्षकांचेच होते. सुसान डेव्हिस यांनी १९८६च्या ग्रंथात अशा मिरवणुकांना सत्तेची भाषा मानले, ते यथार्थच होय.

कारण वगळलेल्यांनीही तीच भाषा उचलली. ४ जुलै १८२७ रोजी न्यूयॉर्क राज्यातील गुलामगिरी कायद्याने संपली. तेथील कृष्णवर्णीयांनी मिरवणूक काढली ती मात्र ५ जुलैला. चौथी तारीख गोऱ्या जमावाची होती, आणि तो जमाव निरुपद्रवी नव्हता. शिवाय त्या तारखेतील स्वातंत्र्य आपले नव्हे, हेही त्यातून सूचित होत होते. मिरवणुकीच्या अग्रभागी सॅम्युएल हार्डनबर्ग शुभ्र घोड्यावर होता. हाती उपसलेली तलवार.