मीत्रोव्हीत्सातील व्यवसायशिक्षण व समाजकार्य

कोसोव्होच्या उत्तर भागातील मीत्रोव्हीत्सा या दुभंगलेल्या शहरात १९९८-९९ च्या युद्धानंतर उभे राहिलेले सेवाभावी कार्य. इबार नदीच्या उत्तरेस मुख्यतः सर्ब, तर दक्षिणेस अल्बेनियन वस्ती आहे. जून १९९९ मध्ये दक्षिण काठावरील रोमा या अल्पसंख्य समाजाची वस्ती उद्ध्वस्त होऊन सुमारे ८,००० लोक बेघर झाले. त्यांतील अनेक कुटुंबांना शिशाने दूषित छावण्यांत वर्षानुवर्षे राहावे लागले. शहराचा आधार असलेल्या त्रेप्चा खाण-उद्योगातील शिसे गाळण्याची भट्टी प्रदूषणामुळे २००० मध्ये बंद झाली आणि रोजगाराचा प्रश्न बिकट बनला.

दोन्ही काठांवरील शाळांची भाषा व अभ्यासक्रम वेगळे असल्याने मुले एकत्र येत नाहीत. ही उणीव स्वयंसेवी संस्थांनी ओळखली. जर्मन प्रॉटेस्टंट परंपरेतील डियाकोनी या सेवासंस्थेने तरुणांसाठी व्यवसाय-प्रशिक्षणाला मनोसामाजिक मदतीची जोड दिली. २००८ मध्ये सुरू झालेल्या मीत्रोव्हीत्सा रॉक स्कूलने दोन्ही समाजांतील मुलांचे संमिश्र वाद्यवृंद घडविले. स्पार्क या डच संस्थेने २०१० मध्ये स्थापन केलेल्या व्यवसाय महाविद्यालयाने दोन्ही काठांवर शिक्षणाची सोय केली. कोणत्याही एका गटाची भाषा वरचढ ठरू नये म्हणून या महाविद्यालयाने अध्यापनासाठी इंग्रजी स्वीकारली.

अशा प्रयत्नांनी राजकीय तंटा मिटत नाही. मात्र हाती कौशल्य आणि पलीकडच्या काठावर ओळखीचा माणूस असणे, ही टिकाऊ शांततेची अत्यावश्यक पूर्वअट आहे.