बडनेरा कोणत्या बिबीचें?

बडनेरा हें आज अमरावती शहराचें एक अंग आहे. इ. स. १९८३ मध्यें अमरावतीस महानगरपालिका झाली, तेव्हां बडनेऱ्याचा स्वतंत्र नगरकारभार संपला. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील जंक्शन एवढीच त्याची ओळख प्रवाशांस उरली आहे. तथापि गांवाचें जुनें नांव ‘बडनेरा बिबी’ असें आहे. त्यांतील ‘बिबी’ या पदाचा विचार प्रस्तुत टिपणांत करावयाचा आहे.

प्रथम मूळ नांव पाहूं. संस्कृत ‘नगर’ शब्दाचें प्राकृतांत ‘नयर’ व पुढें ‘नेर’ झालें. संगमनेर, पारनेर, जामनेर हीं त्याचींच उदाहरणें. त्या न्यायानें ‘वटनगर’ याचें ‘वडनेर’ व वकाराचा बकार होऊन ‘बडनेर’ हें रूप सिद्ध होतें, असें मला वाटतें. वडाचें झाड कोणत्या गांवीं नाहीं? म्हणून या नांवाचीं गांवें वऱ्हाडांत अनेक. दर्यापूर तालुक्यांत वडनेर गंगाई आहे, नांदुरा तालुक्यांत वडनेर भोलजी आहे. त्यांतून हें गांव वेगळें ओळखावें म्हणून ‘बिबी’ हें उपपद लागलें.

ही बिबी म्हणजे दौलतशाह बेगम, आणि बडनेरा तिच्या आंदणांत गेलें, ही माहिती रूढ आहे. मात्र तिला ‘अहमदनगरची राजकन्या’ म्हणण्याचा जो प्रघात पडला आहे, तो तपासून घ्यावा लागतो. ती वऱ्हाडचा सुलतान दर्या इमादशाह याची कन्या. इ. स. १५५८ च्या सुमारास तिचा विवाह अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाशीं झाला. म्हणजे अहमदनगर हें तिचें सासर, माहेर नव्हे. शिवाय निजामशाहीनें वऱ्हाड जिंकलें तें इ. स. १५७४ मध्यें. त्यापूर्वीं वऱ्हाडांतील गांव लेकीस आंदण देण्याचा अधिकार एलिचपूरच्या इमादशाहीसच होता. तेव्हां बिबी वऱ्हाडचीच, असें म्हणणें सयुक्तिक होय.

हा भेद क्षुल्लक नाहीं. अमरावतीच्या सावकारपेठेस पेंढाऱ्यांपासून रक्षण मिळावें म्हणून दगडी परकोट बांधला गेला तो इ. स. १८०७ मध्यें. या विवाहानंतर जवळजवळ अडीचशें वर्षांनीं! ज्यास आज आपण शहराचें उपनगर म्हणतों, तें राजघराण्यांतील आंदणास योग्य असें गांव त्या काळींही होतें. पुढें इ. स. १८२२ मध्यें राजाराम सुभ्यानें बडनेरा लुटलें व गांवाचा कांहीं भाग पाडला. त्यानंतर रेल्वे आली आणि गांवाच्या ओळखींतून राजकन्या गेली, स्टेशन राहिलें.

संग्राहक मित्रांस एक विनंति आहे. जुन्या दप्तरांत नुसतें ‘बडनेरें’ अथवा ‘वडनेर’ आढळल्यास तें अमरावतीजवळचेंच असें गृहीत धरूं नये. शेजारच्या गांवांचीं नांवें पाहून मग निर्णय करावा. तसेंच ‘बिबी’, ‘गंगाई’, ‘भोलजी’ हीं उपपदें नक्कल करतांना फालतू समजून गाळूं नयेत. गांवाची हद्द कारभाराबरोबर बदलते. कागदावरील एक पद गळालें तर मात्र इतिहास दुसऱ्याच गांवीं जाऊन बसतो.