ताशी वीस मिनिटं

१९८६ सालच्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. मी बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत राहणारा मित्र जन्मापासून अंध होता. अर्थशास्त्र घेऊन तो बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला बसला होता. परीक्षेच्या आठवडाभर आधी तो माझ्या खोलीवर आला आणि म्हणाला, ‘‘माझा रायटर होशील का? तू दोन वर्षं मागे आहेस, विषयही वेगळा आहे. तू चालशील.’’

विषय न येणं हीच माझी पात्रता होती! रायटर, म्हणजे सरकारी मराठीतला लेखनिक, हुशार असला तर स्वतःच उत्तरं लिहील, ही त्यामागची भीती. वर्षभर मी त्याला पाठ्यपुस्तकं वाचून दाखवली होती, काही प्रकरणं कॅसेटवर भरून दिली होती. पण वाचणं वेगळं आणि तीन तासांत दुसऱ्याचं डोकं कागदावर उतरवणं वेगळं.

पेपरला आम्हाला जिन्याखालची खोली मिळाली. मी प्रश्न वाचायचा, त्यानं तो पुन्हा वाचायला लावायचा, मग सांगायचं, मग ‘काय लिहिलंस ते वाच’ म्हणायचं. समवृत्ती वक्राची आकृती आली तेव्हा माझा हात थांबला. त्यानं बाकावर बोट फिरवून तिचा आकार मला दाखवला. आकृती जमली, पण दहा मिनिटं गेली. घंटा झाली तेव्हा शेवटचा प्रश्न कोरा होता. पर्यवेक्षकांनी सहानुभूतीनं पाहिलं आणि पेपर घेतला. बाहेर आल्यावर मित्र एवढंच म्हणाला, ‘‘उत्तर येत होतं रे.’’

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. पुढे या विषयावरचे कायदे आणि परिपत्रकं मी वाचत राहिलो, त्याचं मूळ त्या जिन्याखालच्या खोलीत आहे.

आमच्या वेळी सगळं मुख्याध्यापकांच्या, प्राचार्यांच्या मनावर असायचं. प्राचार्य भले असले तर सोय, नाहीतर नाही. १९९५ साली संसदेनं अपंग व्यक्तींसाठीचा कायदा केला आणि त्याच्या ३१व्या कलमात लिहिलं की, अंध आणि अंधुक दृष्टीच्या विद्यार्थ्यांना शिक्षणसंस्थांनी लेखनिक पुरवावा. उपकाराची गोष्ट पहिल्यांदाच कर्तव्याच्या यादीत आली. तरी लेखनिक कोण असावा, वेळ किती द्यावा, हे ज्या त्या परीक्षा मंडळावरच राहिलं.

त्याचं उत्तर यायला आणखी सतरा-अठरा वर्षं गेली. २६ फेब्रुवारी २०१३ रोजी केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं मार्गदर्शक सूचना काढल्या. लेखनिक घेणाऱ्या उमेदवाराला ताशी किमान वीस मिनिटं जादा वेळ, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. शिवाय लेखनिकाचं शिक्षण, गुण, वय यांच्या अटी घालू नयेत, त्यापेक्षा पर्यवेक्षण कडक करावं, असंही त्यात होतं. हे वाचताना मला आमचा तो वक्र आठवला. पण इतिहास सरळ रेषेत जात नाही. २०१८ सालच्या सूचनांमध्ये, उमेदवारानं स्वतः आणलेला लेखनिक एक पायरी खालच्या शिक्षणाचा असावा, ही अट पुन्हा आली.

परीक्षेआधी वर्षभराचा अभ्यास असतो, हेही विसरून चालणार नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ साली डॉ. सॅम तारापोरवाला यांनी दृष्टिहीनांसाठी केंद्र सुरू केलं. तारापोरवाला स्वतः दृष्टिहीन. तिथे पुस्तक स्कॅन करायचं आणि संगणकानं ते वाचून दाखवायचं. माझ्यासारख्या वाचणाऱ्या मित्राची वाट पाहायला नको. २०१२ साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशा विद्यार्थ्यांसाठी पुस्तकाचं रूप बदलणं कायदेशीर झालं. त्यासाठीच्या माराकेश करारावर २०१४ साली सर्वात आधी शिक्कामोर्तब करणारा देश भारत होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

२०१६ च्या नव्या कायद्यानं अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आणि एक नवी कल्पना आणली. तिला ‘वाजवी सोय’ म्हणूया. त्या विशिष्ट माणसाला, त्या विशिष्ट प्रसंगी जे लागेल ते, संस्थेला पेलेल इतपत, करून देणं. सरसकट एकच सोय सगळ्यांना नव्हे.

या कल्पनेची कसोटी २०२१ साली दोनदा लागली. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयापुढे लोकसेवा आयोगाच्या एका उमेदवाराचं प्रकरण होतं. त्याचा हात लिहिताना आखडायचा, पण अपंगत्व ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्रात बसत नव्हतं, म्हणून लेखनिक नाकारला गेला. न्यायालयानं सांगितलं, लेखनिक मिळायला ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. नोव्हेंबरमध्ये ‘नीट’ला बसलेल्या एका मुलीचं प्रकरण आलं. तिला लेखनदोष होता, एक तास जादा मिळायला हवा होता. केंद्रावर तो मिळालाच नाही, पेपर काढून घेतला गेला. न्यायालयानं हा तिच्यावरचा अन्याय मानला आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेला त्यावर उपाय शोधायला सांगितलं. कायदा होता, सूचना होत्या, पण त्या वर्गातल्या पर्यवेक्षकापर्यंत पोचल्या नव्हत्या.

म्हणून पालकांना आणि विद्यार्थ्यांना माझं सांगणं आहे. हॉल तिकीट हातात येईपर्यंत थांबू नका. प्रवेशाच्या वेळीच आपल्याला काय लागतं ते लेखी द्या आणि पोच घ्या. एकाला लेखनिक लागेल, दुसऱ्याला मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका, तिसऱ्याला संगणक, चौथ्याला नुसती शांत खोली. दोन अंध मुलांच्या गरजाही सारख्या नसतात. माझ्या मित्राला ब्रेल उत्तम येत होतं. प्रश्नपत्रिका ब्रेलमध्ये मिळाली असती, तर माझं निम्मं काम वाचलं असतं. पण तुला काय लागेल, हे त्याला कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)