मोहाच्या फुलांवरचा कायदा

मोहाचे नाव काढले की आपल्याला आधी दारू आठवते आणि नाक मुरडले जाते. दारूपायी धुळीला मिळालेले संसार आपण सर्वांनी पाहिले आहेत, तेव्हा त्यात नवल नाही. परंतु पावसाळ्यात मुरबाड-शहापूरकडून कल्याणच्या बाजारात रानभाज्या घेऊन येणाऱ्या ठाकूर-कातकरी बायांच्या लेखी मोह म्हणजे आधी अन्न.

चैत्राच्या सुमारास ही फुले पहाटे आपोआप गळतात. मऊ, रसाळ आणि मधासारखी गोड! बायामुले उजाडताच टोपल्या घेऊन ती वेचतात, उन्हात वाळवून ठेवतात, आणि पुढे घरातला दाणा संपला म्हणजे भाजून, शिजवून खातात. कोवळ्या फळांची भाजी होते. बियांचे तेल स्वयंपाकाला, दिव्याला नि अंगाला चालते. उरलेल्या पेंडीने केस धुतात, आणि ती ओढ्याच्या पाण्यात कालवली की मासे गुंगून वर येतात. एका झाडाने आणखी किती द्यावे? दारूही होते, ती लग्नकार्यात लागते, हे लपवण्यात अर्थ नाही.

आणि तीच सरकारच्या डोळ्यांवर आली. १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर घरोघरी दारू गाळणे हा गुन्हा झाला. तरी चोरून गाळणे थांबेना, तेव्हा १८९२ साली मुंबई सरकारने थेट मोहाच्या फुलांवरच कायदा केला, आणि तो ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांसाठी. परवान्यावाचून फुले वेचणे, जवळ बाळगणे, नेणे, विकणे यांवर बंदी आली. आपला कल्याण तालुका ठाणे जिल्ह्यातलाच, म्हणजे हे सारे आपल्याच मुलखात घडले.

गंमत अशी, की त्याच काळी उरणच्या भट्ट्यांत मोहाचीच दारू गाळली जात होती! त्यासाठी फुले येत पार गुजरातेतल्या पंचमहालातून. सरकारचा कर भरलेली ती दारू गुत्त्यावर राजरोस विकत मिळे. दारात पडलेले फूल मात्र पोरांच्या तोंडी घालायला चोरी. कोणी म्हणेल, दारू थांबावी हाच हेतू असेल. मला ते पटत नाही. दारू थांबवायची असती तर गुत्ते आधी बंद झाले असते.

स्वराज्य आले, तरी १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात मोहाची फुले राहिलीच. रानातला असा माल गोळा करून विकण्याचा आदिवासींचा हक्क देशाच्या कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिला गेला तो २००६ साली, वनहक्क कायद्यात.