गाडी उभी राहिली की का तापते?

"हायवेला काही त्रास नाही, सिग्नलला उभी राहिली की काटा वर." कुठल्याही गॅरेजात ऐकू येणारी ही तक्रार. संशोधनाची तयारी करत असाल तर हे वाक्य जरा सावकाश वाचा, कारण त्यात निरीक्षण आणि कंट्रोल दोन्ही आयते मिळालेत. उभ्या गाडीचं इंजिन फार थोडं इंधन जाळतं, म्हणजे उष्णताही थोडी. हायवेला ती कितीतरी जास्त. आणि तरी गाडी तापते ती उभी असतानाच! म्हणजे संशय उष्णता तयार होण्यावर नाही, ती बाहेर जाण्यावर घ्यायचा. पण बाहेर जाते ती कशी? याचं उत्तर प्रत्येक काळातल्या गाडीत वेगळं आहे, म्हणून थोडा इतिहास.

१८८६ च्या बेंझच्या गाडीत ही तक्रार संभवतच नव्हती. इंजिनाभोवतीचं पाणी उकळायचं, त्याची वाफ व्हायची आणि वाफेबरोबर उष्णता निघून जायची. पाणी कमी झालं की ओता पुन्हा. १८८८ मध्ये बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली, तेव्हा वाटेत सारखं पाणी भरावं लागलं ते यामुळेच. आज ज्याला आपण बिघाड म्हणतो, ती तेव्हा कूलिंगची पद्धत होती.

मग विल्हेल्म मायबाख. १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या ३५ हॉर्सपॉवरच्या मर्सिडीजसाठी त्याने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात ८,०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या, प्रत्येक ६ बाय ६ मिलिमीटरची. नळ्यांमधून हवा, त्यांच्या भोवती पाणी. एवढ्या पृष्ठभागामुळे जेमतेम ९ लिटर पाण्यात काम भागू लागलं. पण नळ्यांमधून हवा ढकलणार कोण? गाडी पळत असेल तर समोरचा वारा. हळू चालली किंवा थांबली की वारा संपला. म्हणून मायबाखने रेडिएटरच्या मागे पंखा बसवला. आपल्या तक्रारीचा जन्म माझ्या मते इथला आहे: एकाच कामासाठी हवेचे दोन स्रोत आले, आणि वारा असेपर्यंत पंख्याचा दोष झाकलेला राहू लागला.

पुढची अनेक दशकं हा पंखा इंजिनच फिरवत होतं. फोर्डच्या मॉडेल टी मध्ये (१९०८ ते १९२७) पट्ट्यावरचा पंखा होता. सुरुवातीच्या साधारण अडीच हजार गाड्यांनंतर फोर्डने वॉटर पंप काढूनच टाकला. गरम पाणी आपोआप वर चढतं आणि गार खाली येतं, तेवढ्यावर भागवलं. नंतरच्या गाड्यांत पंपही आला आणि पंखाही राहिला, दोन्ही इंजिनाच्या वेगाला बांधलेले. आपली ॲम्बेसेडर याच घराण्यातली. इंजिन मंद तर पंप मंद, पंखाही मंद. घाटात गाडी तापली की जुने ड्रायव्हर न्यूट्रलला टाकून थोडी रेस द्यायचे, आणि काटा बऱ्याचदा खाली यायचा. उपाय बरोबर होता, पण निदान म्हणून निरुपयोगी. पाणी जोरात फिरलं म्हणून गार झालं, की हवा जोरात आली म्हणून? दोन चल एकत्र हलले की असंच होतं.

इंजिन आडवं बसू लागलं तेव्हा ही गाठ सुटली. आडव्या इंजिनाची पुली गाडीच्या बाजूला येते आणि रेडिएटर राहतो पुढे. तिथे पट्टा नेणं अवघड. म्हणून विजेवरचा पंखा. १९८३ च्या मारुती ८०० मध्ये तो होता. पाणी ठरावीक तापलं की सेन्सर सांगणार, रिले जोडणार, मोटर फिरणार. इंजिनाच्या वेगाशी संबंध नाही. आता तीच जुनी रेस वेगळं काहीतरी सांगते. उभ्या गाडीत रेस दोन हजारांवर धरली आणि काटा उतरला, तर पंख्याचा वेग वाढलेला नाही, वाढलाय तो पाण्याचा. संशय पंपावर किंवा कमी झालेल्या कूलंटवर. उतरला नाही, तर आधी हवेची बाजू तपासा.

एसी लावा. बहुतेक गाड्यांत त्याबरोबर पंखा फिरायला हवा. एसीला फिरतो पण तापल्यावर फिरत नाही, तर मोटर ठीक, सेन्सर किंवा त्याची वायर बघा (दोन पंखे असतील तर कुठला फिरतोय ते आधी पाहा). अजिबात फिरत नसेल तर इंजिन बंद करून मोटरला थेट बॅटरीचा करंट द्या. फिरली तर दोष फ्यूज, रिले किंवा वायरिंगचा. नाही फिरली तर मोटर गेली. पंखा फिरूनही तापत असेल तर पात्यांना, म्हणजे रेडिएटरच्या जाळीला, चिखल बसलाय का, पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कव्हर कुणी काढून टाकलंय का, मोटर बदलताना वायरी उलट्या जोडून पंखा उलटा तर फिरत नाही ना, हे बघा. कूलंटची पातळी मात्र इंजिन गार असतानाच बघायची. आत दाब असतो, त्यामुळे शंभराच्या वर तापलेलं पाणीही उकळत नाही, आणि झाकण उघडताच अंगावर येतं.

थर्मोस्टॅटवर मात्र उगाच खापर फुटतं. तो बंद अवस्थेत अडकला असता तर गाडी हायवेला आधी तापली असती. तरीही तो काढून फेकण्याची रीत आपल्याकडे जोरात आहे. इंजिन मग गारच चालतं, पेट्रोल जास्त पितं, आणि बंद पडलेला पंखा मे महिन्यापर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

दुरुस्ती झाली की लगेच हायवेला नेऊन बघू नका, तिथे तर ती आधीही तापत नव्हती. एसी बंद ठेवून गाडी जागेवर चालू ठेवा, आणि पंखा आपोआप दोनदा लागून दोनदा बंद होईपर्यंत तिथेच उभे राहा.