कारखान्याचं फाटक

१९०४ साली हिंदुस्थान सरकारने तांत्रिक शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. वर्षाला १५० पौंड मिळायचे. तरुणाने विलायतेला जायचं, खाणकाम, विणकाम, रंगाई असा एखादा उद्योग शिकायचा आणि परत येऊन तो इथे रुजवायचा. कागदावर योजना झकास होती. बर्मिंगहॅमला, मँचेस्टरला, लीड्सला प्रवेश मिळे, प्रयोगशाळेत जागा मिळे, पोरं परीक्षाही पास होत. घोडं अडायचं ते त्यानंतर, गिरणीच्या फाटकावर. हा मुलगा उद्या मुंबईला जाऊन आपल्याच कापडाशी स्पर्धा करणार, हे मँचेस्टरच्या मालकाला कळत होतं. त्याला आपल्या मागापाशी उभं करून खाचाखोचा कोण सांगेल? योजनेची तपासणी करायला १९१२ मध्ये सर थिओडोर मॉरिसन यांची समिती नेमली गेली, तिच्यासमोर हीच अडचण आली. दहा वर्षांनी विलायतेतल्या हिंदी विद्यार्थ्यांची चौकशी करणाऱ्या लिटन समितीसमोरही हेच रडगाणं. विद्यापीठ घ्यायला तयार, पण कारखाना नाही.

मी आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडचा निदेशक होतो. त्यामुळे विलायतेला शिकायला गेलेल्यांच्या कथा वाचताना माझी नजर पदवीवर फार टिकत नाही. यांना मशीनला हात लावू दिला का, हे मी आधी शोधतो. आपल्या इतिहासात तेवढीच गोष्ट लिहायची राहून जाते.

कारण आपल्याकडे परदेशी शिक्षण म्हटलं की बॅरिस्टर आणि आयसीएस. बॅरिस्टर होण्यासाठी लंडनच्या ‘इन’मध्ये, म्हणजे वकिलांच्या संस्थेत, ठरावीक जेवणं जेवावी लागत, तेव्हा कुठे टर्म भरे. जेवणाच्या पंगतीला हजेरी लावून वकील होता येई, पण काचेच्या भट्टीपाशी उभं राहायला परवानगी मिळत नसे. बरं, नवऱ्यामुलाची माहिती सांगताना बॅरिस्टर हा शब्द पुरे होता. भट्टीवर काम करतो, असं कोण सांगणार?

तरी पुण्याची नजर वेगळ्या दिशेलाही गेली होती. केशव मल्हार भट हा पुण्याचा तरुण १८८२ मध्ये बोस्टनच्या एमआयटीत दाखल झाला, तिथे शिकायला गेलेला तो पहिला हिंदी विद्यार्थी. पुढे स्वदेशीच्या वाऱ्यात साबण, काडेपेटी, काच शिकायला मुलं जपानला जाऊ लागली. त्यांतले ईश्वरदास वार्ष्णेय मला फार आवडतात. ते मराठी नव्हेत, उत्तर प्रदेशातले. जपानला गेले, मग एमआयटीला गेले, आणि आले ते थेट तळेगावला. अंताजी दामोदर काळे यांनी दारोदार एकेक पैसा मागून जो पैसाफंड जमवला, त्यातून १९०८ मध्ये तिथे काचकारखाना निघाला होता. हा कारखाना म्हणजे शाळाही होती. भट्टीपुढे फुंकनळी धरून जे शिकले ते पुढे देशभरच्या काचकारखान्यांत पांगले. वार्ष्णेयांचं परदेशी शिक्षण फळाला आलं ते असं, दुसऱ्यांच्या हातांत उतरून. त्यांच्या पदवीइतकीच किंमत मी तळेगावच्या त्या भट्टीला देतो.

दादासाहेब फाळक्यांनी विद्यापीठाचा विचारच केला नाही. आधी मुंबईचं जे. जे., मग बडोद्याचं कलाभवन. हे कलाभवन १८९० मध्ये सयाजीरावांनी काढलेलं, हाताने काम शिकवणारं. मग १९०९ मध्ये छपाईचं नवं तंत्र पाहायला फाळके जर्मनीला गेले. १९१२ मध्ये विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडनला. तिथे ते काही आठवडेच राहिले. वॉल्टनला सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत चित्रपट कसा करतात ते डोळ्यांनी पाहिलं, विल्यमसन कॅमेरा विकत घेतला आणि घरचा रस्ता धरला. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. हेपवर्थने दार उघडलं याचं एक कारण मला दिसतं: मुंबईत पिक्चर काढणारा हा माणूस त्याचं गिऱ्हाईक पळवणार नव्हता.

लक्ष्मणराव किर्लोस्कर तर परदेशी शिकलेच नाहीत. आधी जे. जे., मग मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकी, मग बेळगावात सायकलींचं दुकान, मग लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. या माणसाने स्वतःच्या मुलाला, शंतनुरावांना, १९२२ मध्ये एमआयटीला पाठवलं. यात मला विसंगती वाटत नाही. घरातच फौंड्री असलेल्या मुलाला पदवी पेलते. त्याने लोखंड आधीच पाहिलेलं असतं.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडचं फाटक बंदच राहिलं आणि जर्मनीचं किलकिलं झालं. जर्मनी हरली होती, तिच्या वसाहती गेल्या होत्या, इंग्रजांच्या बाजारात शिरायला तिला मित्र हवे होते. १९२२-२३ मध्ये मार्क इतका घसरला की हिंदी मुलाला बर्लिनमध्ये थोडक्या पौंडांत राहता येई. १९२८ मध्ये म्युनिकच्या डॉइचे अकादमीने भारतीय विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र संस्था काढली आणि शिष्यवृत्त्या दिल्या. १९२९ मध्ये बर्लिनला काँग्रेसच्या पैशावर माहिती केंद्र निघालं, ते विद्यार्थ्यांना कारखान्यात उमेदवारी मिळवायला मदत करी. त्याच सुमारास इरावती कर्वे बर्लिनला मानववंशशास्त्राची डॉक्टरेट करत होत्या. मराठी वाचकाला इरावतीबाई माहीत आहेत. कारखान्यात डांगरी चढवून उभी राहिलेली मुलं माहीत नाहीत, कारण त्यांनी पुस्तकं लिहिली नाहीत.

आणि जर्मनीत शिकवायची रीतच निराळी होती. सुतारकी शिकून झालेला तरुण आजही, हौस असेल तर, काळी कॉर्डरॉय पँट आणि हॅट घालून तीन वर्षं आणि एक दिवस गावोगाव काम करत फिरतो. गावाच्या पन्नास किलोमीटरच्या आत यायचं नाही, असा दंडक. ही संघांची जुनी परंपरा. तिला शाळेची जोड दिली ती म्युनिकच्या गेऑर्ग केर्शनश्टाइनर यांनी. हे गणिताचे मास्तर १८९५ मध्ये शहराचे शिक्षणप्रमुख झाले. १९०० पासून त्यांनी उमेदवार पोरांच्या रडतखडत चालणाऱ्या जोडशाळा मोडून धंद्यांप्रमाणे नव्या बांधल्या. खाटकांची वेगळी, सुतारांची वेगळी, आणि शाळेतच वर्कशॉप. आमच्या शिष्यवृत्त्यांवर मॉरिसन समिती बसली तेव्हा म्युनिकमध्ये हे चालू होतं. पुढे १९६९ मध्ये पश्चिम जर्मनीने या सगळ्याला एक कायदा दिला. आज जिला आउसबिल्डुंग म्हणतात ती हीच: आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत, एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत, धंद्याप्रमाणे दोन ते साडेतीन वर्षं, आणि पहिल्या महिन्यापासून हातात पगार.

माझी भाची बारावी झाली तेव्हा हा सगळा इतिहास आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसला. जर्मनीला जायचं नक्की होतं, कशासाठी ते ठरत नव्हतं. विद्यापीठ म्हटलं तर आपल्या बारावीवर सरळ प्रवेश मिळत नाही. बहुतेकांना आधी वर्षभर श्टुडिएनकोलेग हा तयारीचा अभ्यासक्रम करावा लागतो. शिवाय बँकेत अडकवून ठेवायचे वर्षाचे ११,९०४ युरो. सरकारी विद्यापीठांत फी नाही हे खरं, पण श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-वुर्टेमबर्गने २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो लावले आहेत. आउसबिल्डुंगसाठी भाषा निदान बी-१ पर्यंत हवी, आणि निघण्याआधी एखाद्या कंपनीचा करार हातात हवा. तो मिळवायला तिने जर्मनमध्ये अर्जांचा रतीब घातला.

ताईचा जीव वर-खाली. “अरे, एवढे मार्क पडलेत तिला. कामगार व्हायला जर्मनीला कशाला जायचं? पिंपरीला नाहीत का कारखाने?”

“ताई, पिंपरीत तिला कोण शिकवणार आहे? उत्पादनावर उभी करतील आणि अकरा महिन्यांनी घरी पाठवतील.”

मी तिला हेही सांगितलं की आउसबिल्डुंगनंतर पुढची परीक्षा देऊन मायस्टर झालेल्या माणसाला जर्मन पात्रता आराखड्यात सहावी पायरी आहे, बॅचलर पदवीची जी आहे तीच. ताई म्हणाली, “तुझ्या त्या पायरीवर स्थळं येतात का?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. विवाह मंडळाच्या फॉर्मवर ‘शिक्षण’ हा रकाना आहे, ‘हातात काय येतं’ असा नाही.

मी आउसबिल्डुंगच्या बाजूने होतो, पण जर्मनीच्या मोठ्या मनावर माझा विश्वास होता म्हणून नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला तो याच बाडेन-वुर्टेमबर्गशी. परिचारिका हव्यात, इलेक्ट्रिशियन हवेत, ड्रायव्हर हवेत. विद्यार्थ्याकडून सहामाहीला १,५०० घेणारं राज्य उमेदवाराला पगार देऊन बोलावतं, कारण त्याची माणसं म्हातारी होत चालली आहेत. मँचेस्टरने फाटक लावलं ते गरजेपोटी आणि श्टुटगार्टने उघडलं तेही गरजेपोटी. गरज सरली की फाटकाचं काय होतं, ते १५० पौंडवाल्या पोरांना विचारावं. म्हणून भाचीला माझं सांगणं एवढंच होतं की फाटक उघडं आहे तोवर आत जा. गणित सोडू नकोस. आउसबिल्डुंगनंतरही विद्यापीठाची वाट तिथे असते.

ती आता श्टुटगार्टजवळ एका कंपनीत औद्योगिक मेकॅनिकचं काम शिकते. पहिले कित्येक आठवडे नुसती कानस. पोलादाचा तुकडा काटकोनात आणायचा, मास्तर गुण्या लावून उजेडात धरणार, फट दिसली की पुन्हा. शिवाय रोज काय केलं याची वही लिहायची, तिच्यावर सही घ्यायची. ही वही पुरी नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत. आमच्या आयटीआयच्या मुलांच्या वह्या शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत लिहून व्हायच्या, आणि आम्ही सह्या करायचो. तिची परीक्षा दोन भागांत आहे, पहिला दुसऱ्या वर्षी, ४० टक्क्यांचा. उरलेले ६० शेवटी.

ताई नातेवाइकांना सांगते, मुलगी जर्मनीत इंजिनिअरिंगला आहे.