पनवेल तालुक्यातील भूसंपादन व मोबदल्याची कल्पना

स्वातंत्र्योत्तर काळातील भूमिविषयक कायद्यांचा विचार सामान्यतः दोन स्वतंत्र प्रकरणांत केला जातो : कुळकायदा हे एक, व सार्वजनिक प्रयोजनार्थ होणारे भूसंपादन हे दुसरे. पनवेल तालुक्यात मात्र ही दोन्ही प्रकरणे एकाच पिढीच्या आयुष्यात, आणि पुष्कळदा एकाच सर्व्हे नंबरावर, एकत्र आलेली आढळतात. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ मध्ये पुढे झालेल्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कुळे जमिनीची खरेदीदार मानली गेली. कायम कुळ नसलेल्यांसाठी किंमत आकाराच्या २० ते २०० पट या मर्यादेत ठरवावयाची होती. किंमत बाजारावर न सोडता ती कायद्याने नियंत्रित करण्याचे हे तत्त्व त्या वेळी कसणाऱ्याच्या हिताचे ठरले.

पुढे तेरा वर्षांनी तेच तत्त्व त्याच्यावर उलटले. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, व ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील एकंदर ९५ गावे नव्या मुंबईच्या क्षेत्रात आली. नव्या नगराची रचना महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली होणार असली, तरी मोबदला ठरावयाचा तो १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. त्या कायद्याची कलमे २३ व २४ या सबंध इतिहासाची किल्ली होत. कलम २३ प्रमाणे बाजारमूल्य पाहावयाचे ते प्राथमिक अधिसूचनेच्या दिवसाचे. निवाडा कितीही वर्षांनी होवो. कलम २४ ने तर असे बजावले होते की, संपादनानंतर जमिनीचा जो उपयोग होणार आहे त्यामुळे तिच्या मूल्यात संभवणारी वाढ विचारात घेऊ नये. भाताचे एकच पीक देणाऱ्या खारजमिनीचे मोल या दृष्टीने अल्प ठरणे अपरिहार्य होते. शहर वसणार म्हणून जमीन घ्यावयाची, आणि शहर वसणार हे मात्र विसरून तिची किंमत करावयाची, असा हा व्यवहार. तो बेकायदेशीर नव्हता. किंबहुना तो कायद्यास अगदी धरून होता, आणि म्हणूनच न्यायालयाच्या मार्गाने त्याचा पुरता प्रतिकार होणे कठीण होते.

शेतकरी कामगार पक्षाचे नेते, व्यवसायाने वकील असलेले दि. बा. पाटील यांनी हा लढा रस्त्यावर नेला, यामागील कारण येथे शोधावे लागते. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासईच्या परिसरात झालेल्या गोळीबारांत पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी संसदेने १८९४ च्या कायद्यात दुरुस्ती करून दिलासा रक्कम १५ टक्क्यांवरून ३० टक्के केली. या दोन घटनांत कार्यकारणभाव जोडण्याचा मोह टाळलेला बरा. दुरुस्ती अखिल भारतीय होती आणि भावी मूल्यवृद्धीविषयीच्या कलम २४ मधील मनाईला तिने हात लावला नव्हता.

खरा बदल आला तो अधिनियमातून नव्हे, तर शासननिर्णयांतून. १९९० व १९९४ च्या निर्णयांनी संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ धारकास देण्याचे ठरले. पैकी ३० टक्के सामाजिक सुविधांसाठी वजा होऊन प्रत्यक्ष हाती पावणे नऊ टक्केच येत. तथापि कलम २४ ने जी भावी मूल्यवृद्धी दाराबाहेर ठेवली होती, तिचाच अंश येथे भूखंडाच्या रूपाने आत आला. मात्र पूर्वीच्या कसणाऱ्याची मालकी परतली नाही. तो आता साठ वर्षांचा भाडेपट्टेदार झाला, आणि त्या भूखंडांवर उभ्या राहिलेल्या इमारतींत सदनिका घेणाऱ्यांच्या हक्कामागेही हाच भाडेपट्टा आहे.

२०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने, कलम १०८ अन्वये, राज्याची योजना अधिक लाभदायक असल्यास ती स्वीकारण्याची मुभा धारकास दिली. तिचाच आधार घेऊन १ मार्च २०१४ च्या शासननिर्णयाने विमानतळबाधितांसाठी रोख मोबदल्याऐवजी साडेबावीस टक्के विकसित जमीन देऊ केली. त्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. साडेबारा असोत वा साडेबावीस, टक्केवारीचा पाया सातबारावरील क्षेत्र हाच राहिला. ज्यांच्या नावे उतारा नव्हता त्या शेतमजूर, मिठागरातील कामगार व खाडीवर मासेमारी करणारी कुटुंबे यांना या हिशेबात क्षेत्रच नव्हते.